आधी कॅनची जागा, मग जनरेटर

घरासाठी जनरेटर घेण्याबाबतचे एक मत इतके पक्के झाले आहे की ते मत आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. यंत्र घ्यायचे तर मोठे घ्यावे, जिन्याखाली नाहीतर ओसरीत बसवावे, शेजारी एक कॅन भरून ठेवावी, मग महावितरणने काय वाटेल तो गोंधळ घालावा, घर निर्धास्त. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या डोंगरकड्यासारख्या केळी-उसाच्या गावात हे मत विशेष ठासून मांडले जाते, कारण तिथे इंधन बाळगणे ही नवलाई नाही. फवारणीच्या पंपाला पेट्रोल लागते, ट्रॅक्टरला डिझेल लागते, आखाड्यावर कॅन असतेच. तीच कॅन घरात आली तर बिघडले काय?

बरेच काही बिघडते. या मताचा एकेक भाग वेगळा करून पाहिला, तर त्यातला एकही नीट उभा राहत नाही.

पहिला भाग यंत्राच्या आकाराचा. ‘रोज रोज घेतो का आपण? घ्यायचा तर दणकटच घ्या,’ हे वाक्य दुकानदाराला पाठ असते आणि गिऱ्हाइकालाही. बैल निवडताना असा विचार चालत असेल. जनरेटर मात्र भारावर निवडतात, आणि भार मोजायला वहीचे अर्धे पान पुरते. तीन जुने पंखे धरले तर सव्वादोनशे वॉट, सहा एलईडी बल्ब पंचावन्न, टीव्ही ऐंशी, चालू फ्रिज दीडशेच्या आसपास, मोबाइलचे चार्जर आणि वायफाय मिळून वीस-तीस. सगळे घर एका वेळी चालू ठेवले तरी आकडा साडेपाचशे वॉटच्या पुढे फारसा जात नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तीन ते पाच पट ओढतो, त्याची सोय धरली तरी दीड-दोन केव्हीएत घराचे भागते. यंत्रावर लिहिलेला केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे, त्याला साधारण ०.८ ने गुणावे लागते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

मग ‘दणकट’ कशासाठी? तर म्हणे, त्यावरच शेतातली मोटारही चालेल. पाच एचपीची मोटार म्हणजे ३.७ किलोवॉट. साध्या स्टार्टरवर ती सुरू होताना सहा-सात पट करंट घेते, त्यामुळे तिच्यासाठी बारा-पंधरा केव्हीएचा डिझेल संच पाहावा लागतो. असा पंधरा केव्हीएचा संच आणून त्यावर रात्रभर तीन पंखे आणि टीव्ही चालवायचा, म्हणजे त्याच्या ताकदीच्या पाच टक्केही काम त्याला द्यायचे नाही. डिझेल इंजिनाला असा हलका भार मानवत नाही. क्षमतेच्या तीस टक्क्यांच्या खाली ते तासन् तास चालले, की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळते, काजळी धरते आणि सायलेन्सरमधून काळे, ओले तेल ठिबकू लागते. दणकट म्हणून घेतलेले यंत्र दोन-तीन वर्षांत मेकॅनिकच्या दारात उभे राहते ते दुबळे होते म्हणून नव्हे. त्याला कामच दिले नव्हते म्हणून. घराचा जनरेटर आणि मोटारीचा जनरेटर या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. दोन्ही एकात बसवणाऱ्याला यंत्रही दुप्पट लागते आणि डिझेलही. या दुप्पट डिझेलाची गोष्ट पुढे येणारच आहे.

दुसरा भाग असा, की जनरेटरशिवाय गत्यंतर नाही. इन्व्हर्टर हा शहरी चोचला. या समजुतीला वय आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत खेड्यांत बारा-बारा तास लाईट नसे, बॅटरी चार्ज व्हायलाही लाईट मिळत नसे, तेव्हा जनरेटर घेणाऱ्याला कोणी हसू शकत नव्हते. ते दिवस गेले, समजूत राहिली. आता गावठाणाचा फीडर बहुतेक ठिकाणी शेतीच्या फीडरपासून वेगळा आहे. लाईट जाते ती वादळाने तार तुटली म्हणून, नाहीतर डीपी जळाला म्हणून. पहिल्या प्रकारात प्रश्न काही तासांचा असतो. बारा व्होल्टच्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत हिशेबाने १८०० वॉट-तास असतात, पदरात साधारण बाराशे पडतात. तीन पंखे आणि सहा दिवे त्यावर चार तास चालतात. फ्रिज तेवढा वेळ न उघडता ठेवला तर आतला गारवा टिकतो, त्याला कशाचीच गरज नसते.

खर्चाचा हिशेब तर कोणी करतच नाही. साधा पेट्रोल जनरेटर अर्ध्या किलोवॉटच्या भाराला तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पितो, म्हणजे एका युनिटला दीड लिटर. शेजारच्या परभणीचे पेट्रोल राज्यात सर्वांत महाग म्हणून वारंवार बातम्यांत येते, आणि हिंगोलीतही भाव शंभरीच्या पुढेच आहे. महावितरणच्या बिलात युनिटमागे दोन रुपये वाढले की मोर्चा निघतो, आणि घरातले यंत्र युनिटमागे दीडशे रुपये घेते त्याला ‘स्वतःची लाईट’ म्हणतात! भाराप्रमाणे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर जातीचे जनरेटर यात बरेच काटकसरी असतात, आवाजही कमी करतात. पण ते आकाराने लहान दिसतात, म्हणून दणकटपणाच्या परीक्षेत नापास होतात.

छपरावर सोलर बसवले म्हणजे सुटलो, असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट विचारून घ्यावी. अनुदानातले नेहमीचे ऑन-ग्रीड सोलर लाईट गेली की आपणहून बंद पडते. लाईनवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी ते तसेच केलेले असते. लाईट गेल्यावरही ते चालायला हवे असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी जोडावी लागते.

जनरेटरची खरी गरज कुठेच नाही, असे नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर माणूस असेल आणि डीपी जळून तीन-चार दिवस गाव अंधारात राहण्याची शक्यता असेल, तर बॅटरी पुरणार नाही. तिथे जनरेटर घ्यावाच. एवढी सवलत पुरे, कारण गावात ऑक्सिजनवरची घरे किती आणि जनरेटर किती, हे ज्याचे त्याने मोजावे.

तिसरा भाग जागेचा. ‘खिडकी उघडी आहे की, धूर जाईल.’ धूर जातोही. जो मारतो त्याला ना रंग, ना वास. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. रात्रीची वेळ असल्याने झोप आली याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. मोटारगाडीच्या धुराड्यात हा वायू कमी करणारी यंत्रणा असते, घरगुती जनरेटरच्या छोट्या इंजिनात ती सहसा नसते.

चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरात जुलै २०२१ मध्ये हेच झाले. रात्री लाईट गेली, घरात जनरेटर लावून कुटुंब झोपले, आणि सकाळी सहा जण मृत सापडले. त्यांत नुकतेच लग्न झालेले जोडपे होते. हे दुर्गापूर म्हणजे राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीच्या सर्वांत मोठ्या, २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राला लागून असलेले गाव. साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणाऱ्या चिमण्यांच्या सावलीत लाईट गेली म्हणून लावलेल्या यंत्राने एका घरातले सहा जीव नेले. ‘आपल्याकडे कुठे असे होते?’ असे विचारणाऱ्यांना महाराष्ट्राबाहेरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

म्हणून जनरेटर घराबाहेर, उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट, म्हणजे सहा मीटर दूर ठेवावा आणि धुराड्याचे तोंड घराकडे नसावे. ओसरी, पडवी, पार्किंग, जिन्याखालची जागा, अर्धे शटर उघडलेले दुकान, यांतले काहीही ‘बाहेर’ नव्हे. पावसाची भीती असेल तर वर छप्पर करावे, बाजूला भिंती करू नयेत. वीस फूट मोकळी जागा नसेल, तर त्या घराला जनरेटर नाही. इथे वाटाघाट नाही.

जोडणीबद्दल थोडक्यात. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटरची लाईट घरातल्या सॉकेटमधून उलटी सोडण्याची कला गावोगावी आहे, आणि ती करणाऱ्याला हुशार म्हणतात. मेन स्विच पाडायचा राहिला, तर तीच लाईट मीटरमधून डीपीपर्यंत जाते. डीपी ज्या हिशेबाने अकरा हजार व्होल्टचे दोनशे तीस करतो, त्याच हिशेबाने उलट्या बाजूने दोनशे तीसचे अकरा हजार करतो. खांबावर लाईनमन चढलेला असतो तो गावाची लाईट लवकर यावी म्हणून. चेंजओव्हर स्विच बसवला की दोन्ही लाईटी एका वेळी जोडल्याच जात नाहीत. त्याची किंमत जनरेटरच्या किमतीपुढे चिल्लर आहे.

आता कॅन. एवढा वेळ जी बाजूला उभी होती, तिच्यापाशीच सगळे मत कोसळते.

‘दोन लिटर पेट्रोलने काय होतंय?’ हे उत्तरादाखल विचारले जाते, तेव्हा खरेच उत्तर द्यावे. पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे मराठवाड्यात ते सतत वाफाळतच असते. एक लिटर पेट्रोल पूर्ण उडाले तर साधारण दोनशे लिटर वाफ होते. हवेत या वाफेचे प्रमाण १.४ टक्के झाले की ती हवा पेट घेऊ शकते. म्हणजे एका लिटरने चौदा घनमीटर हवा ज्वालाग्राही होते आणि दोन लिटरने अठ्ठावीस. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली किती घनमीटरची? अठ्ठावीस. दोन लिटरने काय होते, तर ती खोली होते. बरे, ही वाफ हवेहून तीन-चार पट जड असल्याने खोलीभर समान पसरत नाही. ती फरशीलगत उंबरा ओलांडत सरकते आणि देवघरातल्या समईपर्यंत, न्हाणीतल्या बंबापर्यंत किंवा दारात बसलेल्याच्या बिडीपर्यंत पोहोचते. कॅन जिन्याखाली आणि आग स्वयंपाकघरात लागली, तर लोक गॅसला दोष देतात.

‘मग डिझेल घ्या, ते पेटत नाही.’ काडी टाकली तरी विझते, हा प्रयोग करून दाखवणारे काका प्रत्येक गावात असतात. प्रयोग डिसेंबरातला असावा. डिझेलचा ज्वलनबिंदू प्रमाणकानुसार किमान ३५ अंश असावा लागतो. मे महिन्यात हिंगोलीचा पारा ४२-४३ वर गेलेला असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. त्या शेडमधले डिझेल ३५ च्या पुढे गेले की काडीला काकांचे ऐकण्याचे कारण उरत नाही. डिझेल पेट्रोलपेक्षा कमी धोक्याचे आहे हे खरे. गोठ्यात, कडब्याच्या गंजीला टेकवून ठेवण्याइतके मात्र ते कधीच निर्धोक नव्हते.

‘कायदा कसला? आपण काय पंप टाकलाय?’ कायदा आहे, आणि १९३४ पासून आहे. पेट्रोलियम कायद्यात पेट्रोल ‘अ’ वर्गात येते. विक्रीसाठी नसेल तर परवान्याशिवाय ते तीस लिटरपर्यंतच ठेवता येते, आणि तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एका लिटरपर्यंतचे, धातूचे असेल तर पंचवीस लिटरपर्यंतचे. इंजिन चालवण्यासाठी मालकाला शंभर लिटरपर्यंत साठ्याची मुभा आहे. पण साठा तीस लिटरच्या वर गेला की तो राहत्या किंवा कामाच्या कुठल्याही खोलीशी जोडलेला नसलेल्या, वेगळ्या जागी ठेवावा लागतो. डिझेलला सवलत बरीच मोठी आहे, पण सवलत म्हणजे सल्ला नव्हे. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय दिल्लीत नाही, नागपुरात आहे, तेव्हा ‘तिकडचे नियम’ ही पळवाटही बंद.

कायद्याच्या या यादीत प्लास्टिकचे नाव नाही, याकडे लक्ष द्यावे. गावातले पेट्रोल मात्र ज्यात असते ते खाद्यतेलाचे पाच लिटरी डबे, पाण्याचे जार आणि थंड पेयांच्या बाटल्या. उन्हाने असले प्लास्टिक फुगते, बूच वाफ सोडते, आणि पेट्रोल ओतताना त्यावर साठलेली स्थिर वीज निचरायला वाट मिळत नाही. चांगले भांडे म्हणजे पोलादी जेरीकॅन, रबरी गॅस्केटच्या झाकणाची. जस्ताचा मुलामा दिलेली नको, डिझेल त्या जस्ताशी भांडते. पेट्रोल भरताना कॅन गाडीवर किंवा मांडीवर न धरता जमिनीवर ठेवावी. काठोकाठ तर कधीच भरू नये. पेट्रोल दर अंशामागे हजारात एक भाग फुगते. पहाटे पंचवीस अंशांत भरलेले वीस लिटर दुपारी पत्र्याखाली पन्नास अंशांना अर्धा लिटर जास्त होते, आणि त्या अर्ध्या लिटरला बाहेर यायला झाकणाचीच फट सापडते.

थंड पेयाच्या बाटलीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे आगीचीही गरज लागत नाही. रॉकेल किंवा पेट्रोल अशा बाटलीत भरून खालच्या फळीवर ठेवले, की तहानलेले तीन वर्षांचे पोर ती तोंडाला लावते. घोट पोटात गेल्यापेक्षा श्वासनलिकेत गेल्याने जास्त अनर्थ होतो. आणि घरातले मोठे ‘उलटी करवा’ म्हणून मीठपाणी पाजतात, तेव्हा तेच इंधन दुसऱ्यांदा फुप्फुसाच्या वाटेवर येते. उलटी न करवता तडक दवाखाना गाठणे, एवढेच करायचे असते.

कॅनची जागा घराबाहेर, सावलीत, वारा खेळता असलेल्या कुलूपबंद खोपटात असावी. जनरेटरपासूनही दूर, आणि युरिया-औषधांच्या कोठारात नव्हे. ती जमिनीवर असावी, माळ्यावर नव्हे. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ या दोन्ही सकाळी ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले, तेव्हा फळ्यांवरची भांडी खाली आलेली बायाबापड्यांनी पाहिली आहेत. भांड्यांच्या जागी कॅन असती तर? शेजारी वाळूची बादली आणि ड्राय पावडरचे अग्निशामक असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारले तर ती विझत नाही, तरंगत पुढे जाते.

इंधन भरण्याचा क्षण सर्वांत वाईट. रात्री अकरा वाजता पंखा मंदावतो, यंत्र खोकू लागते. घरधनी कॅन घेऊन निघतो, पोरगा मोबाइलचा उजेड धरतो, कापलेली बाटली नरसाळे म्हणून टाकीत खोचली जाते. सायलेन्सर त्या वेळी इतका तापलेला असतो की त्यावर सांडलेल्या पेट्रोलला ठिणगी लागत नाही. इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबायचे, मग भरायचे, हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. पण अंधार नको म्हणून घेतलेल्या यंत्रासाठी पंधरा मिनिटे अंधारात कोण बसणार? संध्याकाळीच टाकी भरून ठेवणे आणि ती संपली की सकाळपर्यंत बॅटरीवर काढणे, हा याला सोपा उपाय आहे.

‘भरून ठेवलेली कॅन वेळेला उपयोगी पडते,’ हे शेवटचे. पडत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही याच ऊसपट्ट्यासारख्या भागांतल्या उसातून आलेले. इथेनॉल हवेतली ओल ओढते. ओल फार झाली की ते पाण्यासह तळाशी बसते आणि इंजिनाला वरचे कमी दमाचे पेट्रोल नाहीतर खालचे पाणी-इथेनॉल मिळते. तीन महिन्यांवर ठेवलेल्या पेट्रोलवर भरवसा नको. पावसाळ्याआधी भरलेली कॅन दिवाळीला उघडणाऱ्याचा जनरेटर दोरी ओढून ओढून हात दुखेपर्यंत सुरू होत नाही, आणि मग जनरेटर बनवणाऱ्याला शिव्या बसतात. फवारणीपंपासाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल चुकून त्यात गेले असेल तर प्लगही काळा. कॅनवर भरल्याची तारीख खडूने लिहावी, दोन महिने झाले की पेट्रोल मोटारसायकलमध्ये रिकामे करावे आणि कॅन नव्याने भरावी. बंद ठेवायच्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्येही थेंब राहू देऊ नये.

एवढे सगळे झाल्यावरही एक वाक्य उरते: ‘आतापर्यंत काही झाले नाही.’ दुर्गापुरातही त्या रात्रीपर्यंत काही झाले नव्हते. न घडलेला अपघात हा सोयीचा पुरावा असला, तर हेल्मेट, अर्थिंग आणि विहिरीचा कठडाही काढून टाकावा. डोंगरकड्यात काय, नांदेडात काय, दुकानात गेलेला माणूस वॉरंटी विचारतो, ॲव्हरेज विचारतो, हप्ते विचारतो. कॅन कुठे ठेवणार, हे ना तो विचारतो ना दुकानदार. क्रम उलटा हवा. यंत्रासाठी घरापासून वीस फूट उघडी जागा आणि इंधनासाठी घराला न जोडलेले खोपट आधी दाखवता आले पाहिजे. मग वहीत भार मांडावा, मग चेंजओव्हर, आणि यंत्राचे नाव सर्वांत शेवटी. पहिल्या दोन जागा दाखवता येत नसतील, तर दीड केव्हीएचा जनरेटरही त्या घराला मोठा आहे. त्याच पैशांत दुसरी बॅटरी येते, आणि तिला कॅन लागत नाही.